एकतीस ऑक्टोबरपर्यंत मयत

कंपनीच्या निरोपाची सुरुवात 'आपल्यासाठी एक आनंदाची बातमी' अशी असली की नागेशराव जोगळेकर आधी खुर्ची शोधून खाली बसतात. वीज मंडळात पस्तीस वर्षं मीटर तपासण्यात घालवल्यामुळे त्यांचा अनुभव असा, की ग्राहकाला आनंदाची बातमी मिळाली की काहीतरी बंद तरी झालेलं असतं किंवा वाढलेलं तरी असतं. कंपनी जर्मनीतली म्हणून हा नियम बदलत नाही.

या वेळची बातमी ब्रोडेलमान कंपनीची होती. ब्रोडेलमान म्हणजे स्वयंपाकघरातलं एक यंत्र. पातेलं, वजनकाटा, शेगडी आणि मिक्सर यांनी एकत्र बिऱ्हाड केलं तर जे होईल ते. समोर काचेचा पडदा, त्यावर सूचना. डाळ टाका म्हणतं, टाकली की तोलून बघतं, पाच ग्रॅम जास्त झाली तर लाल होतं. नागेशरावांचा मुलगा मल्हार जर्मनीत हेर्त्सोगेनआउराख या गावी इंजिनीयर आहे आणि नागेशराव सध्या त्याच्याकडेच आहेत. त्यानं पाच वर्षांपूर्वी हे यंत्र घेतलं, आणि ज्या ओट्यावर पूर्वी पोळ्या लाटता यायच्या तिथे आता हे बसलेलं आहे.

तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी सूनबाई वैभवी कणीक मळायला गेली आणि पडद्यावर निरोप दिसला. तिनं तो जर्मनमधून वाचून दाखवला. कंपनी अधिक सुंदर भविष्याकडे निघाली होती. या प्रवासात जुन्या मॉडेलची क्लाउड सेवा एकतीस ऑक्टोबरला थांबणार होती, आणि ग्राहकांनी स्वतः लिहून ठेवलेल्या पाककृती त्या दिवशी 'सुरक्षितपणे पुसल्या' जाणार होत्या.

"सुरक्षितपणे पुसतात म्हणजे काय करतात?" नागेशरावांनी विचारलं.

"म्हणजे परत मिळत नाहीत, बाबा."

"मग त्यात सुरक्षित कोण राहिलं?"

 वैभवीचं लक्ष पडद्यावरच्या यादीकडे होतं. तिथे अकरा नावं होती. थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, रोजची आमटी, पालकाची पातळ भाजी, अशी खाली खाली. प्रत्येकापुढे छोटं कुलूप. ही अकराही नावं नागेशरावांच्या पत्नीनं, कुसुमताईंनी घातली होती. दोघं दर उन्हाळ्यात तीन महिने इथे यायचे, आणि वैभवीनं एकदा रडकुंडीला येऊन सांगितलं होतं, "आई, तुम्ही 'अंदाजानं घाल' म्हणता आणि माझा अंदाज चुकतो." तेव्हा कुसुमताई यंत्रापुढे बसल्या आणि आयुष्यभराचा अंदाज ग्रॅममध्ये लिहून काढला. सांगलीच्या घरी त्यांची एकही वही नाही. जे आहे ते या अकरा कुलपांच्या आत. कुसुमताई जाऊन दोन वर्षं झाली.

ऑगस्टपर्यंत कुलपं नव्हती. वैभवी महिन्यातून एकदा भाजणी करायची, यंत्र सांगायचं तसं. मग एक अपडेट आलं आणि यंत्रानं पुन्हा लॉगिन मागितलं, 'आपल्या सुरक्षिततेसाठी'. मल्हार म्हणाला, "रविवारी बघतो." मल्हार चांगला मुलगा आहे, पण त्याचे रविवार सगळे पुढच्या आठवड्यात असतात. आता मात्र उलटी मोजणी सुरू झाली. पंचवीस दिवस.

पहिली पायरी पासवर्डची. कुसुमताईंनी आपलं खातं स्वतः उघडलं होतं आणि पासवर्ड कुणाला सांगितला नव्हता. मल्हारनं आपला वाढदिवस टाकून बघितला. चूक. लग्नाची तारीख टाकली. चूक. सांगलीच्या घराचा नंबर, चूक.

"माझा वाढदिवस टाक," नागेशराव म्हणाले. आवाजात खात्री होती. चाळीस वर्षांच्या संसारात एखादा पासवर्ड तरी आपल्या नावचा असेल, असं कुठल्याही नवऱ्याला वाटतंच.

चूक.

"नीट टाकलास का?"

"हो बाबा."

"एकदा अजून टाक."

पाचवी चूक झाली आणि खातं चोवीस तास बंद झालं, 'आपल्या सुरक्षिततेसाठी'. नागेशराव उठून फिरायला गेले. दुखावलेला मान सावरायला हे गाव बरं आहे. नदीकाठानं चालावं, बदकं बघावीत, बेकरीतून तीळ लावलेला पाव घ्यावा. बेकरीतली बाई आता त्यांना ओळखते आणि 'ग्र्यूस गॉट' म्हणून नमस्कार करते. पाव तरी अजून पासवर्डशिवाय मिळतो.

दुसऱ्या दिवशी 'पासवर्ड विसरलात?' हे बटण दाबलं. यंत्रानं कळवलं, की सहा आकडी कोड खात्याच्या मोबाईल नंबरवर पाठवला आहे. नंबर कुसुमताईंचा, भारतातला. तो रिचार्जअभावी केव्हाच बंद पडला होता आणि मोबाईल कंपनीनं नियमाप्रमाणे दुसऱ्या कुणाला तरी दिला होता. नागेशरावांनी सरळ त्या नंबरला फोन लावला. त्यांचं म्हणणं, माणसाशी बोललं की काम होतं.

"हॅलो, मी नागेश जोगळेकर बोलतोय, जर्मनीहून. आपण कोण?"

"मी ऊर्मिला. इचलकरंजीहून. काय काम हाय?"

"तुमच्या फोनवर आत्ता सहा आकडे आले असतील."

"आले की."

"ते जरा सांगता का?"

पलीकडचा टीव्ही बंद झाला. मग, "काय वय तुमचं?"

"अडुसष्ट."

"अडुसष्ट! आणि या वयात लोकांचे ओटीपी मागत बसता? घरात कोण मोठं माणूस नाही का विचारायला?"

"अहो, हा माझ्या मिसेसचा नंबर होता."

"असंच सांगतात सगळे. परवा एक बँकेचा साहेब होता, त्याची बी मिसेस दवाखान्यात होती."

"माझी वारली हो. तिच्या पाककृती अडकल्यात त्यात."

"वाईट झालं," ऊर्मिलाबाई म्हणाल्या, आणि आवाजावरून त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "पण ओटीपी नाही सांगायची मी. फोन लावला की ती बाई बोलती ना, कुणालाही सांगू नका म्हणून? कुणालाही म्हंजे कुणालाही. जेवून घ्या वेळेवर." आणि फोन ठेवला. नंतर लावला तर लागेना. त्यांनी नंबर ब्लॉक केला होता.

नागेशरावांना राग येईना. सांगलीला त्यांनी स्वतः अशाच चौघांना याहून कडक शब्दांत हाकललं होतं. सगळ्या देशाला पढवलं, आणि देश नेमका आपल्याच वेळी शिकला.

बातमी पसरली तसे सल्ले सुरू झाले. पहिला आला उल्हास. हा शेजारच्या एर्लांगन शहरात सॉफ्टवेअरमध्ये असतो आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ध्वनियंत्रणा सांभाळतो. वय पंचेचाळीस, मतं त्याहून जुनी.

"काका, तुमची चूक एकच झाली. तुम्ही कंपनीवर विश्वास ठेवला."

"मी कुठे ठेवला? यंत्र मल्हारनं घेतलं."

"क्लाउड म्हणजे काय? दुसऱ्याचा कॉम्प्युटर. तुमची आमटी दुसऱ्याच्या घरी. मी बघा, सगळं तळघरात ठेवतो. माझा स्वतःचा सर्व्हर. कुणाच्या बापाची ताकद नाही पुसायची."

"अरे, मागच्या वर्षी तुझे लग्नाचे फोटो गेले ना?" मल्हारनं विचारलं.

"ते मी स्वतः पुसले. चुकून. पण स्वतः."

उल्हासच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. त्याच्याकडे दिवा फोनवरून लागतो. पडदे फोनवरून सरकतात. इंटरनेट बंद पडलं त्या दिवशी नवराबायको भर दुपारी अंधारात बसून होते, कारण पडदे उघडायलासुद्धा इंटरनेट हवं होतं. नागेशरावांना यंत्राबद्दल राग नाही. यंत्रावर त्यांचं पोट चाललं. पण यंत्राला एक खटका असावा, त्याला चालू आणि बंद अशा दोन जागा असाव्यात, आणि मागे चार स्क्रू असावेत, म्हणजे बिघडलं तर माणसाला आत बघता येईल. ब्रोडेलमान त्यांनी उलटं करून पाहिलं होतं. खाली एकही स्क्रू नाही. नुसती सूचना, की उलटं करू नये.

उल्हासनं कंपनीच्या मदतकेंद्राशी बोलायचं सुचवलं. तिथे 'लिली' नावाची बाई चोवीस तास हजर होती. ती बाई नाही, सॉफ्टवेअर आहे, हे कळायला नागेशरावांना दहा मिनिटं लागली, आणि तेवढ्यात ते तिच्याशी अतिशय अदबीनं बोलले. वैभवी भाषांतर करून टाइप करत होती.

"माझी पत्नी निवर्तली आहे. तिच्या पाककृती मला मिळाव्यात," नागेशरावांनी सांगितलं.

लिलीनं लिहिलं, "हे ऐकून वाईट वाटलं. पाककृतींबद्दल आपल्याला रस आहे हे छान! आमच्या नव्या मॉडेलमध्ये सत्तर हजार पाककृती आहेत. आजच्या संभाषणाला किती तारे द्याल?"

नागेशरावांनी तीन दिले. निदान 'वाईट वाटलं' म्हणाली होती.

शेवटी खरा सल्ला मिळाला तो वरच्या मजल्यावरच्या फ्राउ श्टेंगेल, म्हणजे श्टेंगेलबाई, यांच्याकडून. वय चौऱ्याहत्तर, सगळी नोकरी पोस्टात. इमारतीत त्यांचा दरारा आहे. दह्याचा डबा चुकीच्या कचऱ्यात टाकला म्हणून त्यांनी एकदा मल्हारला तो बाहेर काढून धुवायला लावला होता. नागेशरावांचं जर्मन पहिल्या परीक्षेपुरतंच. समोरचा सावकाश आणि रागावून बोलला तर त्यांना कळतं. फ्राउ श्टेंगेल नेहमी तशाच बोलतात, त्यामुळे दोघांचं छान जमतं.

"हेर योग्लेकर," त्या म्हणाल्या (जर्मन तोंडात जोगळेकरांचे योग्लेकर होतात), "कंपनीशी इंटरनेटवर भांडायचं नाही. तिथे तुम्ही कुणीही असता. कागदावर भांडायचं. रजिस्टर पत्र, सही, सोबत कागदपत्रं, प्रत्येकाला नंबर. मग त्यांना उत्तर द्यावंच लागतं."

नागेशरावांचा चेहरा उजळला. ही भाषा त्यांची होती. अर्ज! विषय, संदर्भ, सोबत जोडलेली कागदपत्रं! त्यांनी त्याच दुपारी मराठीत मसुदा केला. 'महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की.' वैभवीला वाटलं होतं, याचं जर्मन कसं करायचं. पण तिला आश्चर्य वाटलं. वाक्य न वाक्य सरळ उतरलं. वीज मंडळाचं मराठी आणि इथल्या कचेरीचं जर्मन या सख्ख्या बहिणी निघाल्या. फ्राउ श्टेंगेलनी वाचलं, फक्त एक स्वल्पविराम घातला आणि म्हणाल्या, "गेनाऊ. अगदी असंच लिहितात."

सोबत जोडायला सांगली महापालिकेचा मृत्यूचा दाखला होता. त्याचं अधिकृत जर्मन भाषांतर करून घेतलं. दाखल्यावर सगळं रीतसर होतं. मयताचं नाव: कुसुम नागेश जोगळेकर. पतीचं नाव: नागेश दत्तात्रय जोगळेकर. माहिती देणाऱ्याचं नाव: मल्हार नागेश जोगळेकर. पत्र पोस्टात पडलं, पावती फाइलला लागली, आणि नागेशराव बऱ्याच दिवसांनी दुपारी निर्धास्त झोपले.

बारा दिवसांनी उत्तर आलं. जाड पाकीट, चांगला कागद. वैभवीनं स्वयंपाकघरातच उघडलं. वाचता वाचता तिनं ओठ दाताखाली धरले आणि पत्र मल्हारकडे दिलं. मल्हारनं वाचलं आणि तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"काय लिहिलंय?" नागेशरावांनी विचारलं. "नाही म्हणतात का?"

"नाही बाबा. पत्र आईच्या नावानं आहे."

"तिच्या? वाच."

वैभवीनं वाचलं. "'अत्यंत आदरणीय फ्राउ कुसुम जोगळेकर. आपले पती श्रीयुत नागेश यांच्या निधनाची वार्ता ऐकून आमच्या संपूर्ण परिवारास दुःख झाले. या कठीण काळात ब्रोडेलमान आपल्या पाठीशी आहे.'"

 यंत्र ओट्यावर गप्प बसलं होतं.

"मी?" नागेशराव म्हणाले. "मी मेलो?"

खुलासा उल्हासनं फोनवर केला. कंपनीनं कागदपत्रं वाचायला नवीन हुशार सॉफ्टवेअर बसवलं असणार. त्याला आपली नावं कळत नाहीत. बायकोच्या नावात नवरा असतो, मुलाच्या नावात बाप असतो, हे त्याला कोण सांगणार? त्यानं दाखला वाचला. नागेश तीनदा, कुसुम एकदा. "काका, तुम्ही बहुमतानं गेलात."

नागेशराव खरे चिडले ते यावर. मरण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण स्वतःच्या सहीनं केलेला अर्ज, तोही रजिस्टर पोस्टानं, आणि त्या अर्जदारालाच मयत ठरवायचं? मेलेला माणूस सही करून कागदपत्रांना नंबर घालतो का? पस्तीस वर्षांत त्यांनी चुकीचं रीडिंग पुष्कळ पाहिलं, पण चालू मीटर जळालेला आहे असा शेरा कधी मारला नाही.

"मी हयातीचा दाखला आणतो," ते म्हणाले.

हा विषय त्यांच्या हातचा होता. सांगलीला दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी आपण जिवंत आहोत हे त्यांनी बँकेत जाऊन सिद्ध केलं आहे. एका वर्षी समोरच्या बाबूनं त्यांचं नाव, प्रकृती, पाऊसपाणी सगळं विचारलं, चहा पाजला, आणि मग म्हणाला, "पण काका, तुम्ही जिवंत असल्याचा कागद?" अशा माणसाला कोण कुठली पातेल्याची कंपनी मारणार? इथेही राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, तसा दाखला मिळतो असं फ्राउ श्टेंगेल म्हणाल्या. त्याचं नाव लेबेन्सबेशायनिगुंग. एवढं लांब नाव उच्चारू शकला तोच अर्धा पुरावा.

नागेशरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला, कंपनीचं पत्र, पासपोर्ट, दोन फोटो, मूळ प्रती, झेरॉक्स, झेरॉक्सच्या झेरॉक्स असा सगळा जामानिमा घेतला आणि निघाले. मनातल्या मनात त्यांनी भाषणही तयार केलं होतं. खिडकीतला तरुण अधिकारी शांतपणे पासपोर्ट बघत राहिला. मग त्यानं नागेशरावांकडे बघितलं. पुन्हा पासपोर्टकडे बघितलं.

"हे तुम्हीच?"

"या," नागेशराव म्हणाले. जर्मनमध्ये 'या' म्हणजे हो.

"गुट." त्यानं शिक्का मारला, सही केली आणि कागद पुढे सरकवला. चार मिनिटं. एक झेरॉक्ससुद्धा मागितली नाही. नागेशराव बाहेर पायरीवर आले तेव्हा त्यांना थोडं रितं रितं वाटलं. माणसाचं जिवंत असणं इतकं सहज मान्य होईल अशी त्यांच्या मनाची तयारी नव्हती.

घरी येऊन त्यांनी कंपनीला कडक पत्र लिहायला घेतलं. 'मी हयात असून माझ्या निधनाची नोंद तात्काळ रद्द करावी.' दाखला जोडला, पाकीट चिकटवलं. तारीख होती एकोणतीस ऑक्टोबर, बुधवार. तेवढ्यात वैभवी पाकिटावर संदर्भाचा नंबर लिहायला म्हणून कंपनीचं मूळ पत्र उलगडत होती, तर आतून दुसरा कागद सुटला. पहिल्याला चिकटून बसला होता आणि नागेशराव तो तसाच राटहाउसपर्यंत फिरवून आले होते.

"बाबा, थांबा. हे बघा काय आहे."

दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, की पतीच्या निधनामुळे कंपनीनं खातं आता एकट्या फ्राउ कुसुम यांच्या नावावर करून दिलं आहे, जुना मोबाईल नंबर काढून टाकला आहे, आणि सोबत एकदाच चालणारा आठ आकडी कोड देत आहे. मुदत एकतीस ऑक्टोबर.

तिघंही त्या आठ आकड्यांकडे बघत राहिले.

"म्हणजे," मल्हार म्हणाला, "आई जिवंत आणि तुम्ही गेलेले, असं असेपर्यंतच हा कोड चालणार."

"आणि मी हे पत्र टाकलं तर?"

"तर ते चूक दुरुस्त करतील. पहिली गोष्ट, कोड रद्द."

नागेशराव हातातल्या चिकटवलेल्या पाकिटाकडे बघत होते. एका बाजूला स्वतःचं जिवंतपण, सरकारी शिक्क्यासह. दुसऱ्या बाजूला गोडा मसाला.

"पण बाबा, हे कायदेशीर आहे का?" मल्हारला इथे राहून अशी शंका येण्याची सवय लागली आहे. "दुसऱ्याच्या चुकीचा फायदा घेणं?"

"कुणाला विचारायचं?"

वरून फ्राउ श्टेंगेलना बोलावणं म्हणजे काय, हे तिघांनाही माहीत होतं. ज्या बाईनं दह्याचा डबा सोडला नाही ती हे काय सोडणार? पण विचारायचंच असलं तर त्यांनाच विचारायला हवं होतं. त्या आल्या, चष्मा लावला, दोन्ही पानं वाचली, मागची कोरी बाजूसुद्धा वाचली.

"आल्झो," त्या म्हणाल्या. "खातं कुणाचं?"

"कुसुमचं," नागेशराव म्हणाले.

"पाककृती कुणाच्या?"

"तिच्याच."

"पत्र कुणाला?"

"तिला."

"मग सगळं बरोबर आहे. चूक कुठे आहे?"

"मी मेलोय ना, फ्राउ श्टेंगेल."

"ती दुरुस्ती. दुरुस्ती पोस्टानं जाते." त्यांनी नागेशरावांच्या हातातलं पाकीट घेतलं आणि आपल्या पिशवीत ठेवलं. "मी टाकते. आज माझा गुडघा दुखतोय. उद्या डॉक्टर. परवा केक करायचाय. शनिवारी एक तारीख, आपल्या बायर्न राज्यात सुट्टी. मग रविवार. सोमवारी टाकीन. एकेचाळीस वर्षं पोस्टात होते, पहिल्यांदाच एखादं पत्र अडवतेय." आणि दारात वळून त्या म्हणाल्या, "तोपर्यंत शांत पडून राहा, हेर योग्लेकर."

कोड नागेशरावांनीच टाकला. आठ आकडे, एकेक करून, मीटरचं रीडिंग वाचावं तसं मोठ्यानं म्हणत. यंत्रानं क्षणभर विचार केला. मग पडद्यावर आलं, 'विलकोमेन, कुसुम!' आणि अकराही कुलपं एकामागून एक निघाली.

पुढचे दोन दिवस घरात छापखाना सुरू होता. मल्हारनं प्रत्येक पानाचे फोटो काढले आणि तीन ठिकाणी ठेवले. उल्हासनं चौथी प्रत आपल्या तळघरात ठेवायची तयारी दाखवली, तिला सगळ्यांनी नम्रपणे नकार दिला. वैभवीनं मात्र जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि हातानं उतरवून घेतलं. वहीला अपडेट येत नाही, असं ती म्हणाली. यंत्राला देवनागरी येत नसल्यामुळे कुसुमताईंनी सगळं इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत लिहिलं होतं. वैभवी ते वाचत होती आणि देवनागरीत लिहीत होती, आणि अकराही पाककृती शुक्रवारी सकाळपर्यंत वहीत आल्या.

"झालं," मल्हार म्हणाला. "आता पुसू दे त्यांना."

"असं कसं झालं?" नागेशराव म्हणाले. "लोड टाकल्याशिवाय मीटर तपासला असं म्हणता येत नाही. एक तरी करून बघायला हवी. यंत्रावर. तिनं लिहिली तशी."

एकतीस तारखेची दुपार. घरात भाजणीची सगळी धान्यं नव्हती, मसाल्याला दगडफूल नव्हतं. तूरडाळ होती, चिंच होती, गूळ होता. म्हणून 'रोजची आमटी'. नागेशराव स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले. मल्हार घरूनच काम करत होता, तो लॅपटॉप मिटून आला. वैभवीनं सुरू करायचं बटण दाबलं.

या यंत्राची एक अट आहे. प्रत्येक पायरीला वेळ लिहावाच लागतो, नाहीतर ते पायरी घेतच नाही. आणि लिहिलेला वेळ उलटा मोजत बसतं. कुसुमताईंनी ही अट मनापासून पाळली होती.

"'डाळ दोनदा धू. दोन मिनिटं,'" वैभवी वाचत होती. "'हळद, हिंग. पंचवीस मिनिटं शिजव. तोवर ओटा पुसून घे, वैभवी, आणि भांडी तशीच ठेवू नकोस.'" ती यंत्राकडे बघून हसली. "बघा! यंत्रातूनसुद्धा कामाला लावतात." पण तिनं ओटा पुसला. एरवी पुसते त्याहून नीट पुसला.

मोहरीला चाळीस सेकंद होते. कढीलिंबाला दहा. चिंच, गूळ, मसाला, प्रत्येकाला आपापला वेळ. घरात वास सुटला.  वरच्या मजल्यावर फ्राउ श्टेंगेलची खिडकी उघडल्याचा आवाज आला.

आठवी पायरी संपली. यंत्रानं बारीक शिट्टी दिली आणि नवी ओळ आली. वैभवी वाचायला लागली आणि मध्येच थांबली.

"काय झालं?" नागेशरावांनी विचारलं. "बंद पडलं का? पुसलं का त्यांनी?"

"नाही बाबा. नववी पायरी." तिनं ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. "'आता बाबांना हाक मार. चव बघतील. दहा मिनिटं.'"

पडद्यावर आकडे सुरू झाले होते. नऊ मिनिटं एकोणसाठ. नऊ अठ्ठावन्न.

"दहा कशाला?" मल्हार म्हणाला. "चव बघायला दहा मिनिटं?"

"चवीला नाहीत," नागेशराव म्हणाले. "मला यायला आहेत."

ते खुर्चीवर होते, यंत्रापासून दोन पावलांवर. पुढे जायचं बटण तिघांनाही दिसत होतं आणि ते कुणीच दाबलं नाही. वैभवीनं मोठ्यानं हाक मारली, "बाबा, चव बघायला येता का?" जणू ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेत. नागेशराव उठले. त्यांनी हात धुतले, नळ नीट बंद केला, टॉवेलला हात पुसले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. इतका सावकाश माणूस त्या स्वयंपाकघरात पूर्वी कधी आला नसेल. मग त्यांनी तळहातावर थोडी आमटी घेतली आणि चाटली.

सात मिनिटं बावीस.

 मल्हारनं वैभवीकडे बघितलं, वैभवीनं ओट्याकडे.

"तीच आहे," नागेशराव म्हणाले. मग पुन्हा थोडी घेतली. "मीठ मात्र कमी आहे."

वैभवीनं मिठाचा डबा ओढला, चमचा भरला. पण पायरी संपण्याआधी काही घातलं तर यंत्र लाल झालं असतं, आणि पुढे जायचं बटण कुणालाच दाबायचं नव्हतं. तिघंही आकडे शून्यावर येईपर्यंत उभे राहिले. शिट्टी वाजली, दहावी आणि शेवटची पायरी पडद्यावर आली.

वैभवीनं ती वाचली आणि चमचा परत डब्यात ठेवला.

"'मीठ कमी आहे म्हणतील. घालू नकोस. पाच सेकंद.'"

पाच सेकंद झाले आणि यंत्र बंद झालं. नागेशरावांनी वाटी पुढे केली.